रार

दुभाष्यानं बोलताना 'मी' म्हणायचं असतं. पेशंट म्हणाला, 'माझा गुडघा दुखतोय', तर दुभाष्यानंही 'माझा गुडघा दुखतोय' असंच म्हणायचं. 'ते म्हणताहेत की त्यांचा गुडघा दुखतोय' असं म्हटलं, की डॉक्टर पेशंटकडे बघायचं सोडून आपल्याकडे बघायला लागतो. त्यामुळे माझ्या नोकरीत मी अनेकदा म्हातारा नॉर्वेजियन सुतार झाले, दाढीवाला खलाशी झाले, आणि एकदा तर प्रोस्टेटच्या तक्रारी अगदी सविस्तर सांगितल्या. समोरचा तरुण डॉक्टर लाजला, मी लाजले नाही. सवय होते.

शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या आमच्या मराठी मंडळात नवीन कुणी भेटलं आणि मी सांगितलं, की मी नॉर्वेजियन आणि डॅनिश भाषांची दुभाषी होते, तर ऐकणारा क्षणभर थांबतो आणि मग विचारतो, "म्हणजे आयटीत?" त्याची चूक नाही. नाशिकची बाई, राहणार इलिनॉयमध्ये, आणि कामाची भाषा नॉर्वेजियन, हे जरा आडवळणाचंच आहे. सुधीर, माझा नवरा, जहाजांची डिझाइनं करायचा. लग्नानंतर लगेच आम्ही नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर ओलसुंद नावाच्या गावी गेलो आणि आमची मुलगी ईशा शाळेत जाईपर्यंत तिथेच राहिलो. त्या गावात मासळी आणि पाऊस सोडून फारसं काही नव्हतं. भाषा शिकले नसते तर वेड लागलं असतं. मी मासळीबाजारात भाषा शिकले, त्यामुळे माझी नॉर्वेजियन आजही कोळणीसारखी आहे, असं तिकडचे लोक सांगतात. पुढे सुधीरला इकडे नोकरी मिळाली. शिकागोच्या आसपास स्कँडिनेव्हियातून आलेली म्हातारी माणसं बरीच आहेत. त्यांच्यातली काही आजारपणात, विशेषतः मेंदूच्या आजारात, आयुष्यभर बोललेलं इंग्रजी विसरतात आणि लहानपणीच्या भाषेत परत जातात. त्यांच्यासाठी एका एजन्सीला माणूस हवा होता. मी फोन केला. मुलाखत घेणाऱ्या नॉर्वेजियन बाईंनी माझं नाव दोनदा विचारलं आणि मग दहा मिनिटं ओलसुंदच्या मासळीच्या भावाबद्दल बोलत राहिल्या. नोकरी मिळाली.

डॅनिश मी नंतर शिकले. कागदावर या दोन भाषा सख्ख्या बहिणी आहेत. नॉर्वेच्या माणसाला डॅनिश वर्तमानपत्र सहज वाचता येतं. बोलायची वेळ आली की मात्र पंचाईत होते, कारण डॅनिश माणूस निम्मी अक्षरं गिळून टाकतो. आणि सगळ्यांत धोक्याचे असतात ते शब्द, जे दोन्हीकडे अगदी सारखे दिसतात.

हे आपल्याला नवीन नाही. माझ्या सासूबाई पहिल्यांदा इकडे आल्या, तेव्हा शेजारच्या कानपूरच्या भाभींनी त्यांना सांगितलं, "हम तो बच्चों की शिक्षा के लिए यहाँ आये." सासूबाई घरी येऊन मला म्हणाल्या, "मुलांना शिक्षा द्यायला एवढ्या लांब कशाला यायला हवं? आम्ही तर घरच्या घरी द्यायचो." पुढे आठवडाभर त्या भाभींच्या मुलांकडे फार कणवेनं बघायच्या.

डॅनिश-नॉर्वेजियनमधला असा एक शब्द म्हणजे 'रार'. विशेषण आहे. व्याकरण सोपं. आपल्याकडे चांगला, चांगली, चांगलं होतं, तसं तिकडे पुरुष असो की बाई, 'रार'च राहतो. घरासारखं काही नपुंसकलिंगी असेल तर 'रार्ट' होतो, आणि अनेकवचनात 'रारे'. 'सगळ्यांत' म्हणायचं असेल तर 'रारेस्ते'. दोन्ही भाषांत रूपं तंतोतंत सारखी. फरक फक्त अर्थात आहे. नॉर्वेत 'रार' म्हणजे विचित्र, चमत्कारिक. डेन्मार्कमध्ये 'रार' म्हणजे प्रेमळ, छान, मायाळू.

मला हे कळलं ते ओलसुंदला असतानाच, सुट्टीत डेन्मार्कला गेलो तेव्हा. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या मालकीणबाईंनी ईशाला मांडीवर घेतलं, तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "किती रार आहे ही." मी पोरीला उचललं आणि खोलीत निघून गेले. सुधीर म्हणाला, "अगं, हसत म्हणाल्या त्या." मी म्हटलं, "हसत हसत माझ्या मुलीला विचित्र म्हणाल्या." दुसऱ्या दिवशी न्याहारीला त्या बाईंनी ईशासाठी वेगळा गोड पाव करून ठेवला होता, तेव्हा माझ्या डोक्यात जरा उजेड पडला.

मूळ शब्द लॅटिनमधला. तिथे त्याचा अर्थ विरळ, सुटं सुटं, दाट नसलेलं. फ्रेंच, जर्मन असा मुक्काम करत तो उत्तरेत पोचला. विरळ असतं ते क्वचित आढळतं. आता क्वचित आढळणाऱ्या गोष्टीकडे माणूस दोन तऱ्हांनी बघू शकतो. एक म्हणतो, असं कुठे पाहिलं नाही बुवा, काहीतरी चमत्कारिकच आहे. दुसरा म्हणतो, असं कुठे मिळत नाही, जपून ठेवावं. नॉर्वेनं पहिली वाट धरली, डेन्मार्कनं दुसरी. आपणही विरळ केसांना हसतो, आणि 'असा माणूस विरळाच' म्हणताना हात जोडतो. हे सगळं मला फावल्या वेळात शब्दकोश चाळताना सापडलं. त्याचा कधी कुणाच्या पोटापाण्याशी संबंध येईल असं वाटलं नव्हतं. पण एकदा या शब्दापायी एका बाईची नोकरी जायची वेळ आली होती, आणि एका म्हाताऱ्याचं घर.

नावं बदलून सांगते. म्हाताऱ्याच्या मुलाला विचारलं आहे. तो म्हणाला, "लिहा. कुठल्या भाषेत लिहिताय?" मी म्हटलं, "मराठीत." तो म्हणाला, "मग तर बिनधास्त लिहा."

म्हाताऱ्याला आपण विगो म्हणू. डेन्मार्कचा, पेशानं फर्निचर करणारा. तरुणपणी इकडे आला, इथेच सुलवाई नावाच्या नॉर्वेजियन मुलीशी लग्न केलं. तो डॅनिश बोलायचा, ती नॉर्वेजियन, आणि दोघांचं जन्मभर छान जमलं. एरिक हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो बापाशी इंग्रजीत बोलायचा आणि आईकडून थोडीफार नॉर्वेजियन शिकला होता. सुलवाई गेली. मग विगोला स्ट्रोक आला, डावी बाजू अधू झाली आणि इंग्रजी पार पुसलं गेलं. एरिकनं त्याला आमच्या घरापासून पाऊण तासावर असलेल्या एका वृद्धनिवासात ठेवलं. डॉक्टर येणार असला तर फोनवर दुभाषी मिळायचा. रोजच्या बोलण्याला एरिकची मोडकी नॉर्वेजियन होती.

तिथे विगोची देखभाल तेरेसा नावाची फिलिपिनो बाई करायची. एका रविवारी एरिकनं बापाला विचारलं, "तेरेसा तुमच्याशी कशी वागते?" विगो म्हणाला, "ती माझ्याशी रार वागते." पुढच्या रविवारीही तेच. "इथं कसं वाटतं?" तर "रार्ट." एरिकनं आईच्या भाषेतला अर्थ लावला. आंघोळ घालणारी, कपडे बदलणारी बाई आपल्या अधू बापाशी विचित्र वागते, आणि बापाला धड सांगता येत नाही. त्यानं लेखी तक्रार केली. नियमाप्रमाणे तेरेसाला चौकशी होईपर्यंत विगोपासून दूर केलं, दुसऱ्या मजल्यावर पाठवलं. नवीन बाई आली. विगो जेवेनासा झाला. ते पाहून एरिकची खात्रीच पटली, की बापाला इथं काहीतरी झालंय. दुसरीकडे कुठे जागा मिळते का, याची त्यानं चौकशी सुरू केली.

अशा वेळी मीटिंगसाठी मला बोलावलं. मला यातलं काहीही सांगितलेलं नव्हतं. आम्हाला फक्त भाषा, वेळ आणि पत्ता सांगतात. खोलीत सोशल वर्कर कॅरन होती, एरिक होता, आणि चाकाच्या खुर्चीत विगो. मोठे हात, स्वच्छ दाढी, चेहरा रुसलेल्या मुलासारखा. मी डॅनिशमध्ये ओळख करून दिली. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तुम्ही नॉर्वेच्या मासळीबाजारातून आलात काय?" मी नियमाप्रमाणे तेही जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. कॅरन गोंधळली. एरिक पहिल्यांदाच किंचित हसला.

कॅरननं विचारलं, "तेरेसा तुमच्याशी कशी वागते?"

विगो म्हणाला, ती माझ्याशी रार वागते.

मी इंग्रजीत म्हटलं, "ती माझ्याशी फार मायेनं वागते."

एरिकनं टेबलावर हात ठेवला. "नाही. असं नाही म्हणाले ते."

दुभाष्यानं स्वतःचं काही बोलायचं नसतं. फक्त एकच वाट मोकळी असते: एखाद्या शब्दानं घोटाळा होतोय असं वाटलं तर परवानगी मागून तेवढंच स्पष्ट करायचं. मी कॅरनला म्हटलं, "दुभाषी म्हणून मला एका शब्दाबद्दल बोलायचं आहे." तिनं मान हलवली. मी दोन भाषांतले दोन अर्थ सांगितले.

एरिकचा चेहरा लाल झाला. तो म्हणाला, "माझी आई हा शब्द रोज वापरायची. रार म्हणजे विचित्र. तुम्ही ही भाषा कुठे शिकलात?"

"नॉर्वेत," मी म्हटलं. "आणि नॉर्वेत तुमचंच बरोबर आहे. पण तुमचे वडील डेन्मार्कचे आहेत."

तो म्हणाला, "ते जन्मभर आईबरोबर राहिले. तिचे शब्द त्यांच्या तोंडी आले नसतील कशावरून? आता त्यांच्या डोक्यात कुठली भाषा आहे हे तुम्हाला कसं माहीत?"

हा प्रश्न बिनतोड होता. माझ्याच घरात बघा ना. सुधीर नागपूरचा, मी नाशिकची. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुठला शब्द कुणाचा, हे आता आम्हालाही सांगता येत नाही. मी खरं तेच बोलले. "मला माहीत नाही. ते फक्त त्यांनाच माहीत. तो शब्द बाजूला ठेवून विचारलं तर कळेल कदाचित."

कॅरन हुशार होती. तिनं खुर्ची विगोसमोर ओढली आणि विचारलं, "सकाळी तेरेसा आली की काय काय करते?"

विगो सावकाश बोलू लागला. स्ट्रोकनंतर त्याची वाक्यं तुटक झाली होती, पण शब्द साफ होते. मी त्याच्या मागोमाग बोलत गेले. "ती माझा गंजी हीटरवर ठेवते. गरम करते. मग घालते. आधी डावा हात. डावा हात दुखतो, म्हणून आधी तो. घाई करत नाही. गाणं म्हणते. बेसूर म्हणते. माझ्यासाठी काळा पाव आणला, राईचा. कुठून आणला कोण जाणे." मग थांबला आणि कॅरनच्या खांद्यावरून दाराकडे बघत म्हणाला, "हल्ली येत नाही. मी काही केलं का?"

"मी काही केलं का?" हेही मलाच इंग्रजीत म्हणायचं होतं. पहिल्यांदा कॅरनला ते ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणावं लागलं.

एरिक खाली बघत होता. मग त्यानं काय करावं, तर मला बाजूला सारून सरळ बापाला स्वतःच्या मोडक्या नॉर्वेजियनमध्ये विचारलं, "ती मॅर्केली आहे का?" हा शब्द त्याला कसा सुचला कोण जाणे, पण नेमका सुचला. मॅर्केली म्हणजे विचित्र, आणि त्यावर दोन्ही भाषांचं एकमत आहे.

विगोच्या भुवया वर गेल्या. "मॅर्केली? ती? ती नाही. तुम्ही लोक मॅर्केली आहात. इथं बसून असले प्रश्न विचारताय."

मी भाषांतर करायच्या आधीच एरिकला ते समजलं होतं. कॅरनसाठी मी केलं. ती हसली, मग एरिक हसला, आणि हसता हसता त्यानं चष्मा काढून डोळे पुसले.

मला वाटलं, काम संपलं. पण एरिक तसाच बसून राहिला. कॅरनकडे बघून तो म्हणाला, "आमच्या घरात रोज एक गोष्ट घडायची. बाबा कामावरून आले की आईला म्हणायचे, 'तू रार आहेस.' ती म्हणायची, 'रार असशील तूच,' आणि स्वयंपाकघरात निघून जायची. रोज. मी लहानपणापासून ऐकत आलो. मला वाटायचं, बाबा तिला येता-जाता टोमणा मारतात. कशी सहन करते ही, असं वाटायचं. कॉलेजला लांब गेलो त्याचं एक कारण ते होतं."



"तिला बाबांचा अर्थ माहीत असेल ना?" त्यानं मला विचारलं.

याचं उत्तर देणं माझ्या कामात बसत नव्हतं. मी म्हटलं, "त्यांनाच विचारू."

"विचारा, आई रार होती का."

मी डॅनिशमध्ये विचारलं, "सुलवाई रार होती का?"

नाव ऐकून विगोचा चेहरा मोकळा झाला. उजवा अंगठा खुर्चीच्या दांड्यावरून फिरवत राहिला, लाकूड तासल्यावर गुळगुळीत झालं की नाही ते बघावं तसा. मग म्हणाला, "सुलवाई? ती सगळ्यांत रार होती. मी म्हणायचो. ती मुद्दाम नॉर्वेजियनमध्ये ऐकायची." आणि मिस्कीलपणे स्वतःशीच हसला.

मला इंग्रजी शब्द हवा होता आणि डोक्यात आला मराठी: जगावेगळी. आपल्याकडे कौतुकानंही म्हणतात, वैतागूनही म्हणतात, आणि नवरा बायकोला म्हणाला तर दोन्ही एकदम असू शकतं. पण त्या खोलीत मराठीचं गिऱ्हाईक मी एकटीच होते. मी म्हटलं, "ती सगळ्यांत प्रेमळ होती." मग दुभाषी म्हणून जोडलं, "किंवा सगळ्यांत विचित्र. यांना दोन्ही अर्थ माहीत आहेत. तुमच्या आईंनाही माहीत होते."

एरिक म्हणाला, "आणि मला कुणी सांगितलं नाही."

त्याच दुपारी त्यानं तक्रार मागे घेतली आणि दुसऱ्या मजल्यावर जाऊन तेरेसाला भेटला. तिच्याशी काय बोलला ते मला ठाऊक नाही. ती लगेच विरघळली नाही, एवढं कॅरननं नंतर सांगितलं. पण दोन दिवसांनी ती परत विगोच्या खोलीत कामाला लागली.

घरी येऊन मी हे नाव-गाव न सांगता सुधीरला आणि ईशाला सांगितलं. ईशा सुट्टीला आली होती. ती म्हणाली, "आई, दॅट इज सो सॅड. अँड सो स्वीट." सुधीर म्हणाला, "म्हणजे बायको स्वयंपाकघरात निघून गेली तर ती रागावली असेलच असं नाही." मी म्हटलं, "आपल्या घरात रागावलेलीच असते. गैरसमज नको."

या कामाची एक खंत आहे. आम्ही मधेच शिरतो आणि मधेच निघतो. कुणाचं ऑपरेशन यशस्वी झालं, कुणाची लेक भेटायला आली, हे कळत नाही. विचारायचंही नसतं. कितीतरी माणसं माझ्या तोंडून बोलली आणि पुढे त्यांचं काय झालं याचा मला पत्ता नाही. विगोच्या बाबतीत मात्र नशीब चांगलं निघालं. त्याच्या उपचारांच्या बैठकांना ते मलाच बोलवत राहिले. तो आणखी बराच काळ जगला. तेरेसा डॅनिशमधले दहा-बारा शब्द शिकली, त्यातले निम्मे शिव्या होत्या. एरिकनं माझ्याकडून नाही, ते नियमात बसलं नसतं, पण एका डॅनिश क्लबात जाऊन भाषा शिकायला सुरुवात केली. पन्नाशी उलटलेला माणूस, बापाची भाषा शिकायला लागला.

एका बैठकीला मी वेळेआधी पोचले. दार उघडं होतं. विगो पलंगावर बसला होता. हिवाळ्याचं ऊन त्याच्या पायांवर पडलं होतं. एरिक अंगातला कोट न काढता उभाच होता, आठवडाभर घोटलेलं वाक्य म्हणायच्या तयारीत. उच्चार पुरता आईचा, नॉर्वेजियन. पण शब्द त्यानं डॅनिश लावले होते. तो म्हणाला, "इथं तुमच्याजवळ येऊन बसायला रार्ट वाटतं."

मी दारातच थांबले. हे वाक्य नॉर्वेजियन कानांनी ऐकलं तर अवघडल्यासारखं वाटतं असं होतं, आणि डॅनिश कानांनी ऐकलं तर बरं वाटतं. विगोनं मुलाकडे जरा वेळ पाहिलं. मग उजवा हात पलंगावर आपटून शेजारची जागा दाखवली.

"सो ब्लीव," तो म्हणाला. मग थांब की.

एरिकनं वळून माझ्याकडे पाहिलं नाही. कोट काढला, खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि बापाला खेटून बसला.